जुन्या जीपचा कैवार

यंत्राची झीज मोजता येते. सिलेंडर किती रुंदावला, बेअरिंग किती खाल्ले गेले, ब्रेकचे लायनर किती उरले, हे सारे पट्टीने, काट्याने आणि बोटांनी कळते. मग गाडी रस्त्यावर राहावी की भंगारात जावी, हे ठरवताना तिची जन्मतारीख कशाला विचारायची? हा माझा प्रश्न आहे, आणि फराळाच्या ताटाशी बसल्याबसल्या वाचकांनी तो ऐकून घ्यावा एवढीच विनंती आहे. चकली जरा कडक निघाली तर लेखही तसाच निघणार असे समजावे.

मी कोल्हापूरचा. आयुष्यभर मुलांना भूमिती शिकवली आणि निवृत्त झाल्यावर एका साखर कारखान्याच्या लिलावातून एक जीप घरी आणली. १९६८ सालची, पेट्रोलवर चालणारी, ‘सीजे थ्री बी’ या घराण्यातली. आणली म्हणजे ट्रॅक्टरमागे बांधून ओढत आणली. तिच्या पाठीमागच्या फळीवर कोंबडी अंडी घालीत होती, आणि आमच्या गल्लीतल्या एका सद्गृहस्थांनी, “मास्तर, कोंबडीसुद्धा व्यवहारात आली का?” असे विचारून घेतले. पत्नीने काही विचारले नाही. ती फक्त म्हणाली, “अहो, हिला तुळशीच्या पलीकडे तरी उभी करा.” तेथेच ती दोन वर्षे उभी होती, आणि तेथेच आम्ही तिला शेवटच्या नटबोल्टापर्यंत खोलून पुन्हा उभी केली.

या गाडीला नुसती ‘जुनी’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी तिचा इतिहास थोडा तरी ध्यानात घ्यावा. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी जन्मलेल्या विलीज जीपची ही धाकटी बहीण. अमेरिकेत ती १९५३ साली निघाली आणि १९६८ साली तेथे बंद पडली. आपल्याकडे मात्र महिंद्रांनी तिचे घराणे पुढे कित्येक दशके चालू ठेवले. तिचे बॉनेट उंच का, असे मुले विचारतात. आत जे चार सिलेंडरचे, सव्वादोन लिटरच्या आतबाहेरचे इंजिन आहे, त्याच्या आत घेणाऱ्या झडपा वर डोक्यात आणि बाहेर टाकणाऱ्या झडपा खाली ब्लॉकमध्ये आहेत. डोके उंच झाले म्हणून टोपी उंच करावी लागली. सौंदर्याचा तेथे काही संबंध नाही. पाटबंधाऱ्याचे साहेब, कारखान्याचे शेतकी अधिकारी, निवडणुकीचा कर्णा आणि पुढे खेडोपाडीचे वडाप, एवढ्यांना अंगाखांद्यावर घेऊन जीपने आमच्या भागातले रस्ते पाहिले आहेत; त्यांतले पुष्कळसे रस्ते तेव्हा रस्ते म्हणण्याच्या लायकीचेही नव्हते.

आता कायद्याकडे वळतो. खाजगी गाडीला १५ वर्षे झाली की तिची तपासणी करून नोंदणी पुढे ५ वर्षांसाठी करून घ्यावी, ही व्यवस्था मला पूर्णपणे मान्य आहे. माझे भांडण त्यानंतरच्या गोष्टीशी आहे. हलक्या मोटारीच्या या नव्या नोंदणीचे शुल्क ६०० रुपये होते. ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० झाले. म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला मी विचारायचे, “बाळ, तुझे वय काय?” आणि तो मोठा निघाला तर त्याच्याकडून दुप्पट फी घ्यायची. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असा उफराटा न्याय करण्याची बुद्धी मला झाली नाही. गाडी नापास असेल तर नापास करा, खुशाल भंगारात पाठवा. पास असेल तर वयाचा दंड कशाचा?

दुसरी वाट मोठी मानाची आहे, पण ती वाट नव्हे, शोकेस आहे. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी ठेवली आहे. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला रस्त्यावर यावी, रोजच्या कामाला येऊ नये. राजेरजवाड्यांच्या लांबलचक मोटारींना ते शोभून दिसेल. पण जिचा जन्मच चिखल तुडवण्यासाठी झाला, तिने वर्षातून एकदा हार घालून मिरवणुकीत उभे राहायचे? शेतावर खताचे पोते नेणे हा जीपचा अपमान नाही. तेच तिचे काम आहे.

विरुद्ध बाजूचे म्हणणे मी टाळणार नाही. पहिले म्हणणे धुराचे. ते खरे आहे. माझ्या जीपच्या धुरांड्यात आजच्या गाड्यांसारखी धूर शुद्ध करणारी योजना नाही. कार्बोरेटर कितीही नीट लावला तरी एका किलोमीटरमागे ती नव्या गाडीपेक्षा अधिक घाण बाहेर टाकणारच. पण महिन्याकाठी ती शंभर-सव्वाशे किलोमीटर चालते. मोजायचे तर एकूण धूर मोजा, आणि तिच्या जागी नवी गाडी घ्यायची तर तिचे पोलाद वितळवताना निघणारा धूरही त्याच वहीत मांडा. दुसरे म्हणणे सुरक्षिततेचे. तेही मी अर्ध्याहून अधिक मान्य करतो. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली, दारे नाहीत, आणि चारही चाकांचा ब्रेक एकाच मास्टर सिलेंडरच्या भरवशावर. एक नळी फुटली की पाय थेट फळीला टेकतो. म्हणूनच मी हमरस्त्यावर तिला पळवीत नाही, आणि म्हणूनच तपासणी सैल करा असे माझे मागणे नाही. तपासणी अधिक कडक करा, हे माझे मागणे आहे.

कारण आज होते ते काय? गेल्या खेपेला एका कार्यालयाच्या आवारात माझ्या जीपची परीक्षा झाली. चासीच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीचा छाप घेतला, दिवे पाहिले, भोंगा वाजवून घेतला आणि गाडी उत्तीर्ण! ब्रेकवर कोणी पाय ठेवला नाही, पुढचे चाक हलवून पाहिले नाही. भोंगा तर लिलावातून आणलेल्या त्या सांगाड्याचाही वाजला असता, बॅटरी जोडली असती तर. ज्यांनी ही परीक्षा घेतली त्यांनीच उद्या वयावर दंड बसवावा, यातली गंमत वाचकांच्या लक्षात येईल.

परीक्षा कशी घ्यावी हे मी सांगतो, कारण आम्ही ती घेतली आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभे राहून ज्यांचे केस पांढरे झाले असे एक मिस्त्री, माझी तेरा वर्षांची नात आणि मी, असे तिघे परीक्षक. मिस्त्रींना मी अण्णा म्हणतो. ते मला, त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली शिकला म्हणून, सर म्हणतात. इंजिन रीबोअर करून आम्ही ओव्हरसाइज पिस्टन घातले होते, पाट्यांचे बुश नवे घातले होते, चासीला दोन ठिकाणी पट्टी जोडली होती. सर्वांत अधिक वेळ लागला तो पुढच्या चाकांना. ज्यांनी जुनी जीप चालवली आहे त्यांना तो अनुभव असेलच: पन्नासाच्या आसपास वेग असावा, एखादा खड्डा यावा, आणि पुढची दोन्ही चाके अंगात आल्यासारखी थडथडू लागावीत. गाडी थांबेपर्यंत ते थांबत नाही. लोक म्हणतात जीप म्हातारी झाली. जीप म्हातारी झालेली नसते, बहुधा किंगपिनची बेअरिंगे सैल झालेली असतात. त्यांखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या, ज्यांना शिम म्हणतात, त्या एकेक काढून बेअरिंगला हवा तेवढा ताण द्यायचा असतो, आणि तो ताण स्प्रिंगच्या काट्याने ओढून मोजायचा असतो. काटा आम्ही रद्दीवाल्याकडून मागून आणला. नात ओढी आणि आकडा वाची. चौथ्या खेपेला अण्णा म्हणाले, “बास. आता ह्यात देव आला.” याच कामात एका दुकानदाराने नामांकित कंपनीच्या खोक्यात भलतेच बेअरिंग घालून आमच्या गळ्यात मारले होते. ते अण्णांनी नुसते बोटावर फिरवून, आवाज ऐकून परत पाठवले. ही कानांची विद्या कोणत्या शुल्काच्या तक्त्यात बसते?

मग रस्ता. पहिल्या दिवशी फाटकाबाहेर न जाता ब्रेकचा पायटा दाबून मिनिटभर तसाच धरला. हळूहळू खाली जाऊ लागला तर मास्टर सिलेंडर आतल्या आत गळतो आहे असे समजावे. तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या सपाट रस्त्यावर वीस, तीस, चाळीस अशा वेगांना ब्रेक मारून गाडी कोणत्या अंगाला ओढते ते पाहिले. डावीकडे ओढत होती. उजव्या ड्रमात ग्रीस उतरले होते. ते काढून पुन्हा गेलो. त्यानंतर घाट. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली, केर्ली मागे टाकली आणि वाघबिळाचा चढ लागला. चढावर नातीने पाण्याच्या तापमानाचा काटा सोडून दुसरीकडे पाहायचे नाही, असा हुकूम होता. तिने पन्हाळा येईपर्यंत तो इमानाने पाळला आणि वाटेतला सगळा देखावा गमावला. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाने गाडी धरून, ब्रेकला शक्य तेवढी विश्रांती देत उतरलो. घरी येताच अण्णांनी पहिले काम काय केले असेल? चारही चाकांच्या हबवर तळहात ठेवला. जे चाक इतरांहून तापले असेल तेथे बेअरिंग अधिक आवळले आहे किंवा ब्रेक घासतो आहे. आमच्यासारख्यांना परवडणारे यापेक्षा चांगले उपकरण अजून निघायचे आहे. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरले. सकाळी तेलाचा थेंब कोणत्या बातमीवर पडला ते पाहून गळती कोठून आहे ते कळले. थेंब अग्रलेखावर होता, म्हणजे ट्रान्सफर केस.

शेवटची परीक्षा भर पावसाळ्यात, नदीकाठच्या उसातल्या वाटेवर. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या गुडघाभर, वर पाणी. पुढचा आस जोडला, गिअर हलक्या पट्टीत टाकला, आणि जीप माणसाच्या चालीने, कुठेही न कुरकुरता पलीकडे गेली. पाण्यातून निघाल्यावर भिजलेल्या ड्रमांना ब्रेक लागत नाही, म्हणून थोडे अंतर पाय हलका दाबून ते सुकवले. आणि डांबरावर येताच पुढचा आस सोडवला. या गाडीत पुढच्या-मागच्या आसांच्या मध्ये फरक सोसणारी योजना नाही. कोरड्या रस्त्यावर चारही चाके जोडून वळलात की यंत्र आतल्या आत पिळले जाते.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले, कारण माझ्या बाजूचे म्हणवणारे जे तरुण शौकीन आहेत त्यांच्याशीही माझे वैर आहे, आणि ते सरकारशी असलेल्या वैरापेक्षा जुने आहे. दोन हातांएवढी रुंद चाके, कपाळावर दिव्यांची माळ, पुढे रेड्याच्या शिंगांसारखा लोखंडी दांडा, आणि आतला ब्रेक कारखान्यातून निघाला तेव्हाचाच! चाके मोठी केली की ब्रेक कमी पडतो, बेअरिंगवर भार वाढतो, स्टिअरिंगचा सांधा खिळखिळा होतो, हे यांना कोणी सांगितलेले नसते आणि सांगितले तरी पटत नाही. मूळ बनावटीत असे फेरफार करण्याला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावून सांगितले. त्यावर ही मंडळी चिडली. मला त्या दिवशी बरे वाटले. आणि यांच्या गाडीची परीक्षा कोठे होते? पन्हाळ्याच्या शेजारच्या मसाई पठारावर. जांभ्याच्या कातळावर बोटभर माती, तिच्यावर पावसाळ्यात फुलणारी इवली फुले, आणि त्यांच्यावरून यांच्या चाकांच्या गोल गोल नक्ष्या. एका पावसात उमटलेली ती नक्षी पुढच्या पावसातही दिसते. परीक्षाच घ्यायची असेल तर माझ्याबरोबर उसाच्या वाटेवर या. तेथे पाहणारे कोणी नसते, म्हणूनच बहुधा कोणी येत नाही.

या दोन्ही पक्षांच्या मध्ये अण्णांसारखी माणसे चिरडली जात आहेत. एक पक्ष जुने लोखंड दिसले की वितळवायला निघतो, दुसरा त्याला रंग फासून मिरवतो. खोलून, मोजून, घासून पुन्हा जोडणाऱ्याकडे काम घेऊन जाणारा तिसरा कोणी उरत नाही. अण्णांचा मुलगा पुण्याला संगणकावर काम करतो. चांगले करतो, मला त्याचा अभिमान आहे. पण लेथ आता दिवसातून दोन तास चालते, आणि माझ्या जीपला पुढे जे सुटे भाग लागतील ते कोण घडवून देणार, हे मी अण्णांना विचारले नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गाडीला, मग ती पाच वर्षांची असो की पंचावन्न, ब्रेकच्या रुळांवर चढवा, पुढची चाके उचलून हलवा, धूर मोजा, आणि घाटात एक फेरी मारा. शुल्क एकच ठेवा. माझ्या जीपची नोंदणी पुढच्या वर्षी संपते. ती घेऊन मी येईन, स्प्रिंगचा काटाही बरोबर आणीन. तोवर मागच्या डाव्या चाकाचा हब अजून हाताला किंचित कोमट लागतो आहे, तो भाऊबीज झाली की खोलायचा आहे. नातीला सुट्टी तेव्हापर्यंत आहे.