ध्रुवावरची घुसळण

मे २०२४मध्ये लडाखच्या हानलेवर आभाळ लाल झालं, तेव्हा तो फोटो मला एका दिवसात निदान दहा जणांनी पाठवला. फेब्रुवारी २०२२ची गोष्ट मात्र कुणी कळवली नाही. तिच्यात लाली नव्हती, नुसतं नुकसान होतं.

त्या महिन्याच्या ३ तारखेला स्पेसएक्सने फ्लोरिडातून ४९ स्टारलिंक उपग्रह सोडले. सुरुवातीच्या कक्षेत ते पृथ्वीच्या २१० किलोमीटरपर्यंत जवळ येत. तिथून त्यांनी आपल्या बळावर वर चढायचं. दुसऱ्या दिवशी चुंबकीय वादळ आलं, पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर सगळ्यात खालच्या पायरीचं. वादळ कसलं, झुळूकच. तरी हवेचा अडथळा आधीच्या उड्डाणांपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत वाढला. उपग्रह कागदासारखे कडेवर वळवून पाहिले, पण ३८ गेलेच.

एवढ्याशा झुळकीत हे कसं झालं? अशी वादळं उठवणाऱ्या सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या कणांच्या झोताची, ऊर्जा मुख्यतः ध्रुवांजवळून आत शिरते. अरोरा, म्हणजे हानलेवर दिसली तसली लाली, हा तिचा दिखाऊ भाग, कष्टाचं काम घर्षणाचं. साधारण शंभर ते दीडशे किलोमीटरवर विद्युत क्षेत्र आयनांना पळवतं आणि ते वाटेतल्या भाररहित कणांना ढकलत जातात. तळहात घासावेत तशी हवा तापते. हे ज्यूल तापन. मोठ्या वादळात त्याची उष्णता अरोराच्या कणांनी आणलेल्या उष्णतेपेक्षा जास्त भरते.

धक्के खाऊन हवाही आयनांमागे फरफटते, सेकंदाला काही शे मीटर वेगाने. ती त्यांच्या चालीने चालू लागली की घर्षण घटतं. आयनांनी अचानक दिशा बदलली की जुना वारा आडवा येतो आणि तापन पुन्हा वाढतं. म्हणजे ऊर्जा किती आली एवढं विचारून भागत नाही, वारा आधी कुठे चालला होता हेही विचारावं लागतं. अंदाज फसतात ते बरेचदा इथे, असं माझं मत.

तापलेली हवा दूध उतू यावं तशी वर येते आणि उपग्रहांच्या उंचीवर दाटते. तिच्या लाटा काही तासांत विषुववृत्त गाठतात. वादळात वाढलेला नायट्रिक ऑक्साइड मग ही उष्णता अवरक्त किरणांतून बाहेर टाकतो, कधी इतकी की वादळ सरल्यावर हवा आधीपेक्षाही विरळ होते.

ती पाच पायऱ्यांची मोजपट्टी यातलं काहीच मोजत नाही. ती जमिनीवरच्या चुंबकमापकांवर चालते. त्या नोंदींची थोरवी मोठीच, १८५९चं महावादळ आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेनेही टिपलं होतं. पण चुंबकसूची किती हलली यावरून दोनशे किलोमीटरवर हवा किती दाटली हे ठरवणं म्हणजे दाराच्या खडखडाटावरून घरातला उकाडा सांगणं.

स्पेसएक्सने तेवढ्यापुरता सोपा मार्ग काढला. त्याच फेब्रुवारीच्या २१ तारखेला पुढची खेप गेली, ती तीनशे किलोमीटरच्या वर नेऊन सोडली. उंचीपायी वजन कमी करावं लागलं; या वेळी उपग्रह ४६ होते.