पाच की दहा?



मार्च संपत आला की शिक्षक-खोलीत आणि नात्यागोत्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो : “युरोपला चाललोय हो, पण तिथे खायचं काय?” सगळ्या युरोपचे उत्तर आमच्याकडे नाही. एका शहरापुरते मात्र देता येईल, कारण तेथे आम्ही पाच दिवस राहून, पोटभर खाऊन आणि एकदा चांगलेच लाजून परत आलो आहोत. ते शहर म्हणजे बोस्नियाची राजधानी सारायेव्हो.

आधी आमची चूक सांगतो. निघताना आम्ही अर्धी बॅग खाण्यानेच भरली होती. खाकरे, शेंगदाण्याची चटणी, रव्याचे लाडू, गरम पाणी ओतले की तयार होणारे पोहे. परक्या मुलखात हलालची खात्री कोण देणार, ही धास्ती. पहिल्या संध्याकाळी खोलीत बसून आम्ही ते पोहे खात होतो. खिडकीतून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा वास येत होता आणि समोर मिनार दिसत होता. तेवढ्यात मगरिबची अजान झाली. सत्तरी ओलांडलेल्या आमच्या अम्मी चमचा खाली ठेवून म्हणाल्या, “अरे, अजान ऐकू येते तिथे आपण कोरडे पोहे का गिळतोय? खाली जाऊन कुणाला विचारलं का तुम्ही?”

नव्हते विचारले. आमची खरी अडचण ती होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही विचारू लागलो. आता जे कळले ते क्रमाने सांगतो.

2013 च्या जनगणनेनुसार बोस्नियाची साधारण निम्मी लोकसंख्या मुस्लिम आहे. म्हणजे तेथे हलाल मिळणे सोपे आहे, पण सगळेच हलाल आहे असे नाही. जुन्या बाजारपेठेला बाश्चार्शिया म्हणतात. तेथील बऱ्याच जुन्या खाणावळींत दारू ठेवत नाहीत आणि मांस हलाल असते. नव्या शहरातील हॉटेलांत व मोठ्या दुकानांत मात्र सर्व काही मिळते. तेथे दोन शब्द लक्षात ठेवावेत : ‘स्विन्येतिना’ म्हणजे डुकराचे मांस आणि ‘स्लानिना’ म्हणजे त्याचेच खारवलेले काप. पाकिटावर तेथील इस्लामी संस्थेचा हलाल शिक्का दिसतो. तो नसेल तर सलाम करून सरळ विचारावे, “ये ली हलाल?” म्हणजे “हे हलाल आहे का?” या प्रश्नाचा कोणाला राग आलेला आम्ही पाहिला नाही. एका बाईंनी तर “दारू आहे आमच्याकडे, तुम्ही पलीकडे जा,” असे सांगून योग्य दुकान दाखवले.

न्याहारीला बुरेक खावा. कागदासारख्या पातळ पदराच्या पिठात खिमा भरून गुंडाळी करतात आणि गोल परातीत भाजतात. चांगल्या दुकानांत परातीवर लोखंडी झाकण ठेवून त्यावर निखारे पसरतात. मात्र तेथे बुरेक म्हणजे फक्त मांसाचा. चीजचा हवा तर ‘सिर्नित्सा’, पालकाचा ‘झेल्यानित्सा’ आणि बटाट्याचा ‘क्रोम्पिरुशा’ म्हणायचे. मांस न खाणारे सोबत असतील तर ही तीन नावे पुरेशी आहेत.

दुपारी ‘आश्चिनित्सा’ शोधावी. ही घरगुती स्वयंपाकाची खाणावळ. काचेमागे पातेली मांडलेली असतात, बोट दाखवायचे आणि ताट घ्यायचे. भाषा येत नसली तरी अडत नाही. ‘बेगोवा चोर्बा’ म्हणजे कोंबडी आणि भेंडीचा दाटसर शोरबा अम्मींना इतका आवडला की त्यांनी तो सलग तीन दिवस घेतला. भरलेले कांदे, द्राक्षाच्या पानांतले खिम्याचे विडे, शेवटी अक्रोड भरून साखरेच्या पाकात शिजवलेले सफरचंद. त्या सफरचंदाचे नाव ‘तुफाहिया’. अरबीत सफरचंदाला तुफ्फाह म्हणतात, ते येथे ताटात आले आहे. उर्दू शिकवणाऱ्याला या शहरात पावलोपावली अशी ओळख पटते. वस्तीला ‘माहाला’, चहा-कॉफीच्या कपाला ‘फिल्जान’ आणि बाजाराच्या चौकातील लाकडी पाणपोईला ‘सेबिल्य’. म्हणजे आपली सबीलच की! मोहरममध्ये गल्लीच्या तोंडाशी आपण मांडतो तीच. मूळ सबील 1753 मध्ये बांधली गेली, आजची इमारत त्यानंतरची आहे. तिचे पाणी प्यायलेला माणूस पुन्हा सारायेव्होला येतो, असे तेथील लोक मानतात.

पेयांचे म्हणाल तर कॉफी चुकवू नये. तांब्याच्या लांब दांड्याच्या भांड्यात ती येते, सोबत साखरेचा खडा, पाण्याचा पेला आणि मिठाईचा तुकडा. साखर कपात टाकायची नाही. खडा कॉफीत बुडवून चावायचा आणि वरून घोट घ्यायचा. पाहुणा आला की द्यायची ती एक कॉफी, गप्पांची दुसरी, आणि ‘आता उठा’ असे न बोलता सांगणारी तिसरी. या तिसरीचेही स्वतंत्र नाव आहे, ‘सिक्तेरुशा’! पालकसभेसाठी आम्हाला ती फार उपयोगी वाटली. ‘बोझा’ नावाचे आंबटगोड पेयही मिळते. ते मक्याच्या पिठापासून आंबवून करतात, त्यामुळे त्यात किंचित मद्यांश असतो. आम्ही ते घेतले नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे.

आता लाजण्याचा प्रसंग.

सारायेव्होची खरी ओळख म्हणजे चेवापी. बोटाएवढे कबाब निखाऱ्यावर भाजून ‘सोमुन’ नावाच्या फुगीर नानमध्ये घालून देतात, बाजूला चिरलेला कच्चा कांदा आणि प्यायला पातळ दही. मागवताना एकच प्रश्न विचारतात : “पाच की दहा?” आम्ही तिघे भुकेलेले. ऐटीत सांगितले, “तिघांनाही दहा-दहा!” ताटे आली तेव्हा डोळे फिरले. अम्मींनी चार कबाब खाल्ले. आमच्या ताटांत अर्धे-अर्धे सोमुन उरले. आम्ही पैसे ठेवून उठू लागलो.

वाढणारे गृहस्थ आमच्याच वयाचे होते. त्यांनी काही न बोलता तिन्ही ताटांतले कबाब आणि सोमुनचा तुकडा अन् तुकडा कागदात बांधला आणि पुडके अम्मींच्या हातात दिले. आम्ही ओशाळून म्हणालो, “राहू द्या, उष्टं आहे.” ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, “ब्रेड आहे.” एवढेच.

दुकानात गर्दी नव्हती. अम्मींनी त्यांना बसायची खूण केली. मग ते थोडे बोलले. एप्रिल 1992 मध्ये शहराला वेढा पडला तेव्हा ते शाळकरी मुलगा होते. तो वेढा फेब्रुवारी 1996 पर्यंत चालला आणि त्यात 11 हजारांहून अधिक माणसे मारली गेली. वीज नाही, नळाला पाणी नाही. “त्या टेकडीखाली बिअरचा कारखाना दिसतो ना? त्याच्या खाली झरा आहे. आम्ही डबे घेऊन तिथे रांग लावायचो.” सकाळीच त्या कारखान्यासमोरून जाताना आम्ही नाक मुरडले होते. या शहराला त्याच आवारातल्या पाण्याने जगवले होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

नंतरच्या दोन दिवसांत ते शहर वेगळे दिसू लागले. जेथून आम्ही फिरायला जात होतो त्याच रस्त्यावर 27 मे 1992 रोजी ब्रेडच्या रांगेवर तोफगोळे पडले आणि वीसहून अधिक माणसे गेली. जेथून अम्मींनी चेरी घेतल्या त्या मार्काले मंडईत 5 फेब्रुवारी 1994 रोजी एका गोळ्याने 68 जण मारले गेले. तेथे आजही भाजी विकली जाते. शहराच्या संग्रहालयाजवळ डबाबंद मांसाच्या एका भल्यामोठ्या डब्याचे स्मारक आहे. वेढ्यात जगाने मदत म्हणून पाठवलेल्या त्या बेचव डब्यांबद्दल ‘कृतज्ञ नागरिकांनी’ ते उभारले आहे. टोमणा समजून घ्यायला भाषांतर लागत नाही.

त्या रात्री अम्मींना झोप लागेना. म्हणाल्या, “त्याच हिवाळ्यात आपल्याकडे कर्फ्यू होता, आठवतं?” आठवत होते. जानेवारी 1993, मुंबई. दार उघडायची सोय नव्हती, धाकट्या भावासाठी दूध नव्हते. शेजारच्या काकू मागच्या जिन्याने पातेले आणि पावाची लादी घेऊन आल्या होत्या. कुंकू लावलेले कपाळ आणि थरथरणारे हात आजही डोळ्यांसमोर आहेत. दोन शहरांच्या दुःखाची तुलना आम्ही करत नाही. पण शेजारधर्माला बोस्नियात ‘कोम्शिलुक’ असा खास शब्द आहे, हे ऐकल्यावर अम्मींना पहिल्यांदा त्या काकूच आठवल्या. आल्यावर त्यांनी काकूंना फोन लावला. दोघी अर्धा तास बोलल्या.

चेवापीवाल्या भाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. रमजानमध्ये तेथील सोमुनवर कलौंजी लावतात. इफ्तारच्या आधी बेकरीसमोर लांब रांग लागते आणि टेकडीवरून तोफ डागली की रोजा सोडतात. “तोफेचा आवाज आला की मुलं आता टाळ्या वाजवतात,” ते म्हणाले.

तेव्हा जाणाऱ्यांसाठी थोडक्यात : चलन ‘मार्क’ आहे, एका युरोला साधारण दोन. छोट्या दुकानांसाठी सुटे पैसे जवळ ठेवा. बॅगेत खाकरे न्या, पण दोन दिवसांपुरतेच. हलालबद्दल संकोच न करता विचारा. शेजारच्या टेबलावर कोण काय पितो, याचा हिशेब ठेवू नका. आणि चेवापी मागवताना आधी पाचच सांगा. भूक राहिली तर आणखी पाच मागता येतात.

ते पुडके आम्ही रात्री उघडले. सोमुन थोडे कडक झाले होते. अम्मींनी तिघांना सारखे वाटे केले आणि कागदावर पडलेला चुराही बोटाने टिपून खाल्ला. बॅगेतले रव्याचे लाडू दुसऱ्या दिवशी त्या भाईंच्या दुकानात दिले. त्यांनी एक खाल्ला आणि विचारले, “हलाल?”

अम्मी पोट धरून हसल्या.