हिशेबाबाहेरचा धूर

नोव्हेना एमआरटी स्थानकातून मॉलमार्गे रुग्णालयांकडे चालत गेले, तर बाहेरचा उकाडा जेमतेम दोन मिनिटे जाणवतो. हा गारवा ज्या विजेवर उभा आहे, तिच्यापैकी सुमारे ९५ टक्के वीज आयात केलेल्या नैसर्गिक वायूपासून तयार होते.

पॅरिस कराराखाली सिंगापूरने दिलेली वचने लहान नाहीत. वार्षिक उत्सर्जन २०३० मध्ये सुमारे सहा कोटी टन, २०३५ मध्ये साडेचार ते पाच कोटी टन आणि २०५० मध्ये निव्वळ शून्य. २०१९ मध्ये टनामागे ५ सिंगापूर डॉलर असलेला कार्बन कर २०२४ मध्ये २५ व २०२६ मध्ये ४५ डॉलरवर गेला. आग्नेय आशियात असा कर प्रथम लावण्याचे श्रेय या देशाला द्यावेच लागेल.

प्रश्न आहे तो मोजणी कोठे थांबते हा. जहाजांना इंधन पुरवणारे जगातील सर्वांत मोठे बंदर येथेच आहे. २०२४ मध्ये येथे सुमारे साडेपाच कोटी टन इंधन विकले गेले. टनभर इंधनातून तीन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो; म्हणजे बेरीज सोळा कोटी टनांच्या पुढे, २०३० च्या उद्दिष्टाच्या अडीचपटीहून जास्त. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हा धूर कोणत्याच देशाच्या एकूण बेरजेत धरला जात नाही. सिंगापूरने नियम मोडलेला नाही. नियमच सोयीचा आहे. (उलट बाजूही सांगायला हवी: जुरोंग बेटावरील पेट्रोरसायने जगभर वापरली जातात, त्यांच्या निर्मितीचा भार मात्र या देशाच्या खात्यावर पडतो.)

शिवाय करपात्र उत्सर्जनाच्या पाच टक्क्यांपर्यंतचा भाग परदेशी कार्बन क्रेडिट घेऊन भागवता येतो. पापुआ न्यू गिनी, घाना यांच्याशी तसे करार झाले आहेत. विकलेली घट विक्रेत्या देशाला स्वतःच्या वचनात मोजता येत नाही. स्वस्त घट आज विकली, तर उद्या त्याच्या वाट्याला महागडीच उरणार.

१९९२ च्या हवामान करारात भारत आणि सिंगापूर एकाच, विकसनशील गटात आहेत. दरडोई उत्सर्जन मात्र येथे भारताच्या तिपटीहून अधिक. गरिबांचे जगण्यासाठीचे आणि श्रीमंतांचे चैनीसाठीचे उत्सर्जन एकाच तराजूत तोलू नका, असे अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच बजावले होते. पुण्याहून येथे आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तो तराजू विमानाच्या एका फेरीत ओलांडला.

जहाजांच्या धुराला किंमत लावण्याचा आराखडा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या बैठकीत त्यावरील निर्णय वर्षभरासाठी पुढे ढकलण्यात आला.