सामाईक पिनेच्या बाजूने

पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणत्याही महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात दिवसातून एकदा तरी एक प्रश्न ऐकू येई : ‘कोणाकडे बारीक पिन आहे का?’ बारीक पिन म्हणजे नोकियाच्या फोनला लागणारी. मग जाड पिनवाले, चपट्या पिनवाले आणि ‘आमची पिन कुठेच मिळत नाही’ म्हणून हताश झालेले, अशी कक्षाची सरळ विभागणी होई. आज त्याच कक्षात ‘सी-टाइप आहे का?’ असे विचारले की चार हात पुढे येतात. हा बदल बाजाराच्या नैसर्गिक गतीने आपोआप घडून आला, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्याविषयी हा लेख आहे. मराठी शिकवणाऱ्यांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर पुढे येईलच. तूर्त इतकेच, की या वादात ‘निवड’, ‘नवनिर्मिती’ आणि ‘पर्यावरण’ हे शब्द ज्या रीतीने वापरले गेले ती रीत तपासणे हे आमच्या पेशाचे काम आहे.

आधी घटनाक्रम पाहू. २००९ साली युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने प्रमुख मोबाइल उत्पादकांनी एका स्वेच्छा-करारावर सह्या केल्या. तोवर तिथे तीसेक प्रकारचे चार्जर चलनात होते. करारान्वये मायक्रो-यूएसबी हे सामाईक पोर्ट ठरले आणि प्रकारांची संख्या तीनवर आली. मात्र करारात एक फट होती : फोनचे पोर्ट वेगळे असले तरी जोडीला अडॅप्टर उपलब्ध करून दिला, की पालन झाले असे मानले जाई. ॲपल या फटीतून सुखरूप बाहेर पडली आणि २०१२च्या सप्टेंबरात ‘आयफोन ५’बरोबर तिने लाइटनिंग हे स्वतःचे पोर्ट आणले. २०१४पर्यंत कराराची मुदत सरली. त्यानंतरची काही वर्षे ‘उद्योगच एकमताने मार्ग काढील’ या आशेवर गेली. मार्ग निघाला नाही. जानेवारी २०२०मध्ये युरोपीय संसदेने ५८२ विरुद्ध ४० मतांनी बंधनकारक नियमाची मागणी केली. सप्टेंबर २०२१मध्ये आयोगाने मसुदा मांडला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी संसदेने तो ६०२ विरुद्ध १३ मतांनी संमत केला. फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन, ई-वाचक इत्यादींसाठी २८ डिसेंबर २०२४पासून यूएसबी टाइप-सी अनिवार्य झाले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. ॲपलने तारखेची वाट न पाहता २०२३च्या ‘आयफोन १५’लाच टाइप-सी पोर्ट दिले. तेरा वर्षे विनंती करून जे झाले नाही ते कायद्याचे एक पान समोर येताच वर्षभरात झाले. या तपशिलाचा अर्थ लावायला टीकाशास्त्राची गरज नाही.

आता शब्दांकडे वळू. पहिला शब्द ‘नवनिर्मिती’. एकाच प्रकारचे पोर्ट सक्तीचे केले तर नव्या कल्पनांचा गळा घोटला जाईल, असा ॲपलचा मुख्य आक्षेप होता, आणि आपल्याकडच्या अर्थविषयक स्तंभांतूनही तो श्रद्धेने उच्चारला गेला. या आक्षेपाचे वजन करायला त्याच कंपनीची उत्पादने पुरेशी आहेत. टाइप-सीचा तपशील २०१४ साली प्रसिद्ध झाला. ॲपलने २०१५ साली तो आपल्या मॅकबुकमध्ये वापरला, २०१८ साली आयपॅड प्रोमध्ये वापरला. तेवढा फोन मात्र २०२३पर्यंत लाइटनिंगवरच ठेवला. जे पोर्ट लॅपटॉपला आणि टॅब्लेटला पुढारलेले वाटले ते फोनलाच मागासलेले कसे वाटले? फोनमधले लाइटनिंग माहितीच्या वहनात जुन्या यूएसबी २.०च्या वेगापलीकडे गेले नाही. म्हणजे नवनिर्मितीचे रक्षण म्हणून जे जपले गेले ते जुने आणि संथ होते. त्याचा एकच गुण नवा होता : त्याची अधिकृत केबल किंवा उपकरण बनवायचे तर मूळ कंपनीचा परवाना घ्यावा लागे. ज्याला मराठीत ‘जकात’ असा चांगला जुना शब्द आहे, त्याला ‘नवनिर्मिती’ म्हणणे ही आमच्या मते शुद्ध भाषिक फसवणूक आहे.

या आक्षेपाची एक अधिक गंभीर आवृत्ती आहे आणि तिला उत्तर देणे प्राप्त आहे. २००९ साली मायक्रो-यूएसबीच कायद्याने गोठवले असते तर टाइप-सी जन्मालाच आले नसते, असे म्हणतात. गोठवलेले मानक प्रगतीला अडवते, हे आम्ही मान्य करतो. परंतु टाइप-सी कोठून आले तेही पाहावे. एखाद्या कंपनीने स्वतःच्या ग्राहकांना कुंपणात ठेवून ते घडवले नाही. अनेक कंपन्या एकत्र बसलेल्या सामाईक मंचावर ते घडले, आणि त्या मंचावर ॲपलही होती. शिवाय युरोपच्या निर्देशात तंत्रज्ञान बदलेल तसे मानक बदलण्याचा अधिकार आयोगाला दिलेला आहे. तो अधिकार वेळेवर वापरला जाईल की नाही, हा रास्त प्रश्न आहे. पण तो प्रश्न ‘नियम असावा की नसावा’ असा नाही, ‘नियम जिवंत कसा ठेवावा’ असा आहे. या दोहोंची गल्लत करण्यात ज्यांचे हितसंबंध आहेत ते ती करणारच. आपण ती का करावी?

दुसरा शब्द ‘पर्यावरण’, आणि इथे आम्हाला आपल्याच बाजूशी भांडावे लागते. टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांचा युरोपातील कचरा वर्षाला सुमारे ११,००० टन, असा आयोगाचा अंदाज आहे. हा आकडा भाषणात मोठा वाटतो. परंतु २०२२ साली जगभर निर्माण झालेला इलेक्ट्रॉनिक कचरा ६ कोटी २० लाख टन होता. त्या डोंगरापुढे चार्जरांचा हा ढीग म्हणजे परातीतली चिमूट आहे. सामाईक पोर्टाने पृथ्वी वाचेल असे सांगणारा समर्थक विरोधकांच्या हाती आयते कोलीत देतो. आणखी एक गोष्ट. २०२० साली ॲपलने पर्यावरणाचे नाव घेऊन फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला, आणि त्याच वर्षाच्या आरंभी पर्यावरणाचेच नाव घेऊन सामाईक पोर्टाला विरोधही केला होता. एकच शब्द दोन विरुद्ध कामांना जुंपता येतो तेव्हा तो शब्द युक्तिवाद म्हणून निकामी झालेला असतो. म्हणून आमचे समर्थन कचऱ्यावर उभे नाही. ते परावलंबनाच्या प्रश्नावर उभे आहे : मी विकत घेतलेल्या वस्तूत शिरण्याची वाट कोणाच्या मालकीची?

हा प्रश्न आम्हाला तंत्रज्ञांनी शिकवलेला नाही. तो मराठीच्या फॉन्टांनी शिकवला. आमच्या पिढीने एम.ए., एम.फिल. केले तेव्हा लघुप्रबंध डीटीपी केंद्रात टाइप होत. प्रत्येक केंद्राचा फॉन्ट निराळा, आणि फॉन्टागणिक अक्षरांमागची संकेतांची मांडणीही निराळी. एका फॉन्टातला ‘क’ दुसऱ्यात भलतेच चिन्ह होई आणि तिसऱ्यात रोमन अक्षर. आमच्यापैकी एकीने २००५ साली विद्यार्थिनींच्या मदतीने चार गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. त्या टाइप करून सीडीवर ठेवल्या. कागदी प्रत एकच होती, ती कपाटात वाळवीने खाल्ली. सीडी शाबूत आहे, फाइल उघडते, आणि पडद्यावर कंस, टक्केचिन्हे आणि तुटकी रोमन अक्षरे यांची रांगच्या रांग येते. त्या फॉन्टचा विक्रेता धंदा गुंडाळून गेला. परिवर्तकातून काढलेल्या मजकुरात रफार पुढच्या अक्षरावर बसतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या घरात जाते, आणि निम्मी जोडाक्षरे नाहीशी होतात. मजकूर ताडून पाहावा तर त्या ओव्या सांगणाऱ्या बहुतेक बायका आता हयात नाहीत. शब्द त्यांचे, श्रम विद्यार्थिनींचे, भाषा सर्वांची. आणि कुलूप मात्र कोणा एकाचे, ज्याची किल्ली त्याच्याकडेही उरलेली नाही.

मानक नव्हते म्हणून हे झाले, असे मात्र म्हणता येत नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतावली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ सालीच मानक म्हणून प्रसिद्ध केली होती. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्याच आधीच्या रूपावर बेतलेली. परंतु बाजारात विकला जाणारा प्रत्येक फॉन्ट सामाईक संकेतांनी चालला पाहिजे, असे बंधन कोणावर नव्हते. मानक कागदावर राहिले, बाजार आपल्या वाटेने गेला, आणि पुढची दीड-दोन दशके मराठीतील कितीतरी लेखन अशा खासगी कुलपांत जाऊन पडले. ‘बाजार ठरवील’ या वाक्याचा अर्थ आम्ही असा भोगलेला आहे. बाजाराने अखेर ठरवलेही, युनिकोड आले. पण मधल्या काळात जे गेले ते कोणाच्या ताळेबंदात दिसत नाही.

इथे आमचे वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो घेतलाच पाहिजे. प्रमाणभाषेच्या दडपशाहीविरुद्ध वर्गात तास-तास बोलणारे तुम्ही लोक, बोलींची बाजू घेणारे, पिनेच्या बाबतीत एकाएकी प्रमाणीकरणाचे भक्त कसे झालात? आमचे उत्तर असे. वाट आणि वाटसरू यांत फरक आहे. बोलीचे वैविध्य म्हणजे अनुभवाचे वैविध्य. ते पुसले तर माणसाचे जगणेच पुसले जाते. बारीक पिन आणि जाड पिन यांच्या भेदात कोणाचाही अनुभव साठवलेला नाही. उलट, बोलींना छापील जगात शिरायचे असेल तर दार सामाईकच हवे. युनिकोडने मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी यांपैकी काहीही खोडले नाही. त्यांना लिहायची, पाठवायची, शोधायची सोय केली. प्रमाणीकरण कशाचे, हा खरा प्रश्न आहे. दाराचे असेल तर ते हवे. दारातून काय आत यावे याचे असेल तर त्याला विरोध हवा.

शुद्धलेखनाचे नियम या दोहोंच्या सीमेवर उभे आहेत, म्हणूनच ते आजही वादग्रस्त आहेत. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली मान्य झाले, चार १९७२ साली त्यांत मिळवले गेले. त्यांच्याशी आमचे अनेक मतभेद आहेत. तरी त्यांतील एक तरतूद शहाणपणाची आहे : केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य छापताना मुळाप्रमाणेच छापावे. आपली सत्ता कुठे संपते हे नियमाने स्वतःच सांगितले आहे. चांगल्या नियमाची आम्हाला माहीत असलेली ही सर्वांत सोपी खूण आहे, आणि चार्जिंग पोर्टाच्या नियमालाही तीच कसोटी लावावी.

त्या कसोटीवर युरोपचा निर्देशही सगळा उतरत नाही, हे नमूद केले पाहिजे. पोर्ट एकसारखे झाले तरी केबली एकसारख्या झाल्या नाहीत. एकाच आकाराच्या दोन केबलींपैकी एक लॅपटॉप चालवते, दुसरी फोनही रडतखडत भरते, आणि ग्राहकाला वरून काही कळत नाही. मोठा दोष असा की, ज्या मानकाला कायद्याचे बळ मिळाले ते उद्योगांच्याच संघाने घडवलेले आहे. सामाईक म्हणजे सार्वजनिक नव्हे. पण एका कंपनीच्या मर्जीपेक्षा अनेक कंपन्यांचा करार बरा, आणि निव्वळ करारापेक्षा जाब विचारता येईल असा कायदा बरा, एवढी पायरी चढल्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

शेवटी आपल्याकडे. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने घेतलेल्या बैठकीत स्मार्टफोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप यांच्यासाठी टाइप-सीवर सहमती झाली, आणि साध्या फोनसाठी वेगळे पोर्ट ठेवता येईल असाही विचार मांडला गेला. जानेवारी २०२३मध्ये भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले, ते ऐच्छिक म्हणून. १९९१ आणि २०२३ ही दोन साले आम्ही शेजारी ठेवून वाचतो तेव्हा अस्वस्थ होतो. संस्था तीच, कागद तसाच, आणि बंधनाची जागाही तशीच मोकळी. ज्या मानकाला तारीख नाही ती केवळ सदिच्छा होय. दरम्यान इथल्या महागड्या फोनांना टाइप-सी मिळाले ते युरोपच्या कायद्याच्या सावलीत. आपण त्यासाठी बोटही उचललेले नाही. आणि साधा फोन वापरतो कोण? शेतमजूर, रखवालदार, धुणीभांडी करणाऱ्या बायका, आमच्या विद्यार्थ्यांचे आईवडील. सामाईकपणाची सर्वाधिक गरज ज्याला आहे त्यालाच ‘तुमची पिन वेगळी’ असे सांगणारे धोरण सामाईक म्हणवते, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा शब्दकोशात पाहून घ्यावा लागतो.

आमची मागणी लहान आहे. मानक बंधनकारक असावे, त्याला तारीख असावी, त्यात सर्वांत स्वस्त फोनही यावा, आणि ते किती वर्षांनी तपासले जाईल हे त्यातच लिहिलेले असावे. ओव्यांची ती सीडी आम्ही अजून जपून ठेवली आहे. तिच्यातला मजकूर परत मिळेल अशी आशा आता उरलेली नाही. मात्र ‘ऐच्छिक’ या शब्दाची किंमत विद्यार्थ्यांना दाखवायची असली की आम्ही ती फाइल वर्गात उघडतो.