आशाताईच्या फॉर्मवर दोन रकाने कमी आहेत

या शनिवारी कोड, मोबाईल, सिनेमा असं काही नाही. विषय जरा जड आहे. स्वतःचं लेकरू नसलेल्या इंजिनिअर पोराने बाळंतपणावर कशाला लिहावं, असं काही जणांना वाटेल. वाटू द्या. माझा मुद्दा एका फॉर्मचा आहे. फॉर्म, रकाने आणि डेटा यांवरच माझं पोट चालतं, तेव्हा तेवढं बोलायचा अधिकार मला आहे.

आधी चांगलं सांगतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यात एखादी बाई दवाखान्यात बाळंत होऊन घरी आली की आशाताईने तिच्याकडे सहा वेळा जायचं असतं. ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी. म्हणजे आपला सव्वा महिना अन् वर चार दिवस. ही योजना देशभर २०११ पासून आहे, पण तिचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली, आणि १९९९ मध्ये ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. सेनगाव किंवा औंढ्याच्या एखाद्या वाडीवर आशाताई काटा घेऊन पोचते, त्यामागे एवढा इतिहास आहे. मला याचा मनापासून अभिमान आहे.

आता फॉर्म बघा. बाळाचं वजन किती? अंगावर पितं का? ताप? नाळ कोरडी आहे का? मग आईचं. ताप आहे का, रक्तस्राव जास्त आहे का, घाण वास येतो का, ती असंबद्ध बोलते का किंवा झटके येतात का.

संपलं. म्हणजे बाई पार बरळायला लागली तर तिची नोंद होणार. पण ती रात्रभर टक्क जागी असते, बाळ झोपलेलं असलं तरी हिचा डोळा लागत नाही, 'मी मेले तर लेकराचं तरी बरं होईल' असं मनात येतं, याला रकाना नाही. आमच्या धंद्यात कुणी असं मॉनिटरिंग लावलं, की सर्व्हर जळून धूर निघाल्यावरच अलर्ट येणार, तर त्याला दुसऱ्या दिवशी मॅनेजर समोर उभा करेल!

कुणी म्हणेल, अरे बाबा, खेड्यात मनाबिनाचं कोण विचारतं? शहरी चोचले ते. थांबा. हिंगोलीत हे विचारलं गेलेलं आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्या १४ जिल्ह्यांत हिंगोली आहे. शेतकरी आत्महत्या वाढल्या म्हणून आशाताईंनी शेतकरी कुटुंबांत जाऊन कोण खचलंय, कुणाची झोप उडालीय याची विचारपूस करायची आणि गरज दिसली तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारासाठी पाठवायचं, अशी ती कल्पना. उत्तम कल्पना. म्हणजे बघा, आशाताई तीच, घर तेच, ओसरीही तीच. कर्जाने खचलेल्या माणसाच्या मनाची चौकशी करायला सरकारने माणूस पाठवला. त्याच घरातल्या बाजेवरच्या बाळंतिणीला मात्र फक्त ताप आहे का, एवढं विचारून ती बाई परत जाते.

आकडे हवेत? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात शेती करणाऱ्या ११,२९० जणांनी (शेतकरी आणि शेतमजूर धरून) आत्महत्या केल्या. त्याच वर्षी 'गृहिणी' या रकान्यात २५,३०९ जणी आहेत. दुपटीहून जास्त. शेतकऱ्याचं दुःख कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही, आमचं घर कोरडवाहू शेतीवरच उभं राहिलंय. सांगायचं एवढंच, की एका आकड्यावर पॅकेज येतात, मोर्चे निघतात, अधिवेशन तहकूब होतं. दुसऱ्या आकड्यावर काहीच होत नाही. त्या २५ हजारांत किती जणींच्या मांडीवर वर्षाच्या आतलं मूल होतं? अहवालात तसा रकानाच नाही. जे मोजलं जात नाही ते घडतच नाही असं आपण धरून चालतो.

थोडी माहिती, कारण इथे फार घोटाळा होतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप जातं. तिथे विश्रांती आणि मायेचा माणूस पुरतो. दुसरा प्रकार नैराश्याचा. तो आठवडे, महिने रेंगाळतो, आणि पुष्कळदा पोटुशी असतानाच सुरू झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे विकसनशील देशांत गरोदरपणी १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के बायकांना असा मानसिक त्रास होतो. म्हणजे पाचात एक! तिसरा प्रकार दुर्मिळ, हजारात एक-दोन जणींना. भास होतात, भलत्या शंका येतात, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो. ही सरळसरळ इमर्जन्सी आहे. आपल्याकडे नेमकं याच वेळी 'बाहेरचं झालं' म्हणून लिंबू-अंगारे चालू होतात आणि लाखमोलाचे दिवस वाया जातात.

"आमच्या टायमाला असलं काही नव्हतं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय. नव्हतं कसं? नाव नव्हतं! विहिरीवरच्या गोष्टी गावोगाव आहेत, फक्त त्या 'पाय घसरला' या नावाने सांगतात.

आणि हे श्रीमंतांचं दुखणं आहे म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे बघावं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्याच्या एका जिल्हा रुग्णालयातल्या बाळंतिणींचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं तर २३ टक्के जणींना नैराश्य होतं. त्यातल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच त्रास होता. निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या नव्हत्या. धोका कशाने वाढत होता? गरिबी, नवऱ्याकडून मारहाण, आणि मुलगी होणं. यातलं काय परदेशी वाटतं तुम्हाला? मुलगी झाली की पेढ्याची बर्फी होते आणि दवाखान्यातल्या कॉटभोवतीचे चेहरे पडतात, हे पहायला गोव्याला जायची गरज नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र पुढची. याच मंडळींनी २००३ मध्ये दाखवलं की नैराश्य असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत वजनात मागे पडण्याचं प्रमाण जास्त होतं. आता पुन्हा त्या फॉर्मकडे बघा. त्यातला एक रकाना कुठला? बाळाचं वजन! वजन आपण ग्रॅममध्ये मोजतो, कमी भरलं की आईलाच बोलतो, 'पाजत नाहीस का नीट?' पण वजन ज्या गोष्टींनी घटतं त्यातली एक मोठी गोष्ट विचारायची सोय आपण ठेवलेलीच नाही. आईचं मन हा बाळाच्या तब्येतीचा भाग आहे. आई माणूस आहे म्हणून तिला विचारा, हे पटत नसेल तर निदान कुपोषण कमी करायचंय म्हणून तरी विचारा. (हे वाक्य लिहावं लागतं याचीच लाज वाटते. असो.)

आता आक्षेप. मित्रांशी वाद घालताना नेहमी येणारे तीन.

एक, आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे. शंभर टक्के खरं. बाळंतिणीच्या ४२ दिवसांच्या भेटी पूर्ण केल्या की तिला २५० रुपये मिळतात, म्हणजे भेटीला चाळीस-बेचाळीस रुपये. एवढ्यात हिंजवडीत चहा अन् वडापाव येतो. म्हणून माझं म्हणणं, काम वाढवा तर पैसे वाढवा. पण प्रश्न दोनच आहेत, तास दोन तासांचं काम नाही. 'गेल्या महिन्याभरात सारखं उदास, हताश वाटतंय का?' आणि 'कशातच मन लागत नाही, आवडीचंही नको वाटतं, असं होतंय का?' ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत गरोदर आणि बाळंत बायकांसाठी असेच दोन प्रश्न आहेत. उत्तर 'हो' आलं तर पुढची दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली आहे. ती १९८७ पासून वापरात आहे, आणि तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ती उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने भरावी. अट एकच, विचारताना सासू शेजारी नको. बाई बाळाला पाजायला आत घेते तेव्हा विचारा.

दोन, विचारून करणार काय, डॉक्टर कुठे आहेत? हा आक्षेप वजनदार आहे. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. पण प्रत्येक उदास बाईला मनोरुग्णालय लागत नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आपल्या आशांसारख्याच 'लेडी हेल्थ वर्कर'ना बोलण्याची पद्धत शिकवली. डॉ. आतिफ रहमान यांचा तो अभ्यास २००८ मध्ये आला. सहा महिन्यांनी त्या गटात २३ टक्के बायका नैराश्यात होत्या, नुसत्या नेहमीच्या भेटी झालेल्या गटात ५३ टक्के. निम्म्याहून कमी! शिकवलेल्या बाईने नीट बसून बोलण्याने. ज्यांना औषध लागेल त्यांच्यासाठी आता हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२४ मध्ये सुरू झालेलं. तिथे आठवड्यातला एक वार बाळंतिणींच्या मानसोपचारासाठी ठेवायला कुठल्या केंद्रीय समितीची परवानगी लागते? बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र दाखल करायचा वॉर्ड आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही लिहिलंय की तीन वर्षांखालचं मूल दाखल झालेल्या आईपासून सहसा तोडायचं नाही. मग मराठवाड्यातली आई दाखल झाली तर लेकराची खाट कुठे आहे, हे कुणीतरी विचारायला हवं ना?

तीन, हे सरकारचं काम, आम्ही काय करणार? इथे मात्र माझा पारा चढतो. सव्वा महिना बाळंतिणीला जपायची रीत आपली आहे. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं शरीरासाठी. त्यात 'तुला कसं वाटतंय गं?' एवढं बसवायला काय खर्च आहे? आणि नवरा कुठे असतो? बायको माहेरी, हा पुण्यात, व्हिडिओ कॉलवर 'बाळाला दाखव' म्हणतो. बाळाला दाखव! बायकोचा चेहरा बघायचाच नाही. कायद्याने २०१७ मध्ये प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची केली, पण खाजगी नोकरीतल्या बापाला तेव्हाही एक दिवस दिला नाही. आमच्या कंपन्या मेहेरबानीने पाच-दहा दिवस देतात आणि पोरं तेही लॅपटॉप मांडीवर ठेवून काढतात. बापही खचतात बरं का. दहातला एक, असं २०१० मधल्या एका मोठ्या आढाव्यात निघालं होतं. तिथे तर फॉर्मच नाही.

तर मागणी साधी आहे. आशाताईच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवा, त्याचे वेगळे पैसे द्या, आणि 'हो' आल्यावर बाईला कुठे पाठवायचं तो पत्ता फॉर्मवरच छापा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते, तिथेही हेच दोन प्रश्न ठेवा, कारण गोव्याने दाखवलंय की सुरुवात तिथूनच होते. २००७-०९ मध्ये महाराष्ट्रात लाख बाळंतपणांमागे १०४ माता मरत होत्या, २०१८-२० मध्ये ते प्रमाण ३३ वर आलं. मोजलं, लाज वाटली, काम केलं, म्हणून आलं. मनाचंही मोजायला लागा.

सरकार रकाने वाढवेल तेव्हा वाढवेल. तोवर १४४१६ हा 'टेली-मानस'चा नंबर सेव्ह करून ठेवा. २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलतात. बाळ बघायला जाल तेव्हा टोपडं-झबलं न्याच, पण पाच मिनिटं आईजवळ बसा आणि तिला तिच्याबद्दल विचारा. ती 'बरं आहे' म्हणाली तरी लगेच उठू नका.