परतीचा डबा

कागद महागला, पाऊस दिवाळीच्या तोंडापर्यंत रेंगाळला, दोन जुने वर्गणीदार गेले. वर्षाचा आढावा एवढाच. बाकी वर्षभर आमच्या डोक्यात एक काळा प्लास्टिकचा डबा बसला आहे.

तो भेटला इथल्याच, हैदराबादेतल्या एका विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये. बिर्याणी मागितली, ती डब्यात बंद होऊन आली. सालन आणि दही वेगळ्या डब्यांत. पार्सल नको, इथंच बसतोय म्हटलं, तर पोरगा म्हणाला, ‘हौ साब, इधर भी यहीच. प्लेटां धोने को आदमी नहीं.’ चमचा मात्र लाकडी! कारण १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांना देशभर बंदी आहे. झाकणाचा डबा त्या यादीत नाही. समोरच्या भिंतीवर ‘हरित परिसर’ची पाटी. दहा मिनिटांत तिन्ही डबे टोपलीत. असल्या तेलकट डब्याला भंगारवाला हात लावत नाही, आणि काजळीचा काळा रंग वर्गीकरणाच्या यंत्रातल्या अवरक्त किरणांना दिसत नाही. उरतो जवाहरनगरचा कचऱ्याचा डोंगर.

मुंबईचे डबेवाले १८९०पासून डबे पोचवतात, पण कौतुक करायचं ते रिकामा डबा त्याच दिवशी घरी परत नेण्याचं. आपल्या तेलंगणात सिद्दीपेटनं स्टील बँक काढली: कार्याला ताटं-पेले न्यायचे, परत आणायचे. मग जिथं रोज तीच पोरं, त्याच फाटकातून, गळ्यात ओळखपत्र अडकवून येतात, तिथं स्टीलचा डबा पळून जाणार कुठं? ओळखपत्रावर अनामत लावा, हिशेब मिटला. अडलंय ते धुणाऱ्या माणसाच्या पगारापाशी. तो वाचवायचा आणि पाटी रंगवायची, याला आम्ही कंजुषी म्हणतो.

आपल्या आया भांड्यांवर नावं घालून घेत. शेजारी गेलेला फराळाचा डबा त्या नावामुळं परत यायचा, आणि रिकामा येत नसे.

यंदाच्या अंकाचा विषय ‘परतीच्या वाटा’. १९५६मध्ये मराठवाडा हैदराबादपासून सुटला. जी मराठी घरं इथंच राहिली, त्यांच्यावरचे लेख पुढं आहेत. डब्यावरून तिथं उडी मारणं ओढूनताणून वाटेल. वाटो.

अंक न्यायला कार्यालयात याल तेव्हा चहा स्टीलच्या पेल्यात मिळेल. पेले आम्हीच विसळतो. चिवडाही केला आहे. डबा घरून आणा.