ओट्यावरचा डबा, माळ्यावरची पेटी

मैत्रिणींनो, रोजचे मीठ-मसाले आपण ओट्यावर ठेवतो आणि पापड-कुरडयांचे डबे माळ्यावर. आमच्या चिरंजीवांच्या खेळांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये हीच व्यवस्था होती. फिरणारी मोठी हार्ड डिस्क म्हणजे माळा, छोटी एसएसडी म्हणजे ओटा. नेहमी लागणारी माहिती तिथे हाताशी राहते. तिला कॅश म्हणतात. इंटेलची ही सोय 2011 पासूनची.

गेल्या महिन्यात लॅपटॉप फारच रखडू लागला. "आई, छोटी एसएसडी बिघडलीय, काढूनच टाकतो," म्हणत स्वारी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली. माझ्या छातीत धस्स झालं! माझ्या वर्गाचे गुणतक्ते, मामंजींचे शेवटचे फोटो, सगळं त्यातच.

थांबवलं तेच बरं. या कॅशच्या दोन पद्धती असतात. 'एन्हान्स्ड'मध्ये माहिती दोन्हीकडे एकदमच लिहिली जाते. 'मॅक्झिमाइज्ड'मध्ये आधी ओट्यावर, मग सवडीने माळ्यावर. आमची नेमकी दुसरी! ओटा तसाच उचलला असता, तर वर न पोचलेलं सामान गेलंच असतं.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग 'रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' या प्रोग्राममध्ये अ‍ॅक्सिलरेशन बंद करा. उरलेली माहिती तो माळ्यावर पोचवतो. लॅपटॉप बंद करून, वायर काढून, मगच स्क्रू सोडवा.

पुढे आम्ही हार्ड डिस्कच्या जागी मोठी एसएसडीच बसवली. आता कॅशची गरजच उरली नाही. फोटोंची दुसरी प्रत मात्र कपाटात, माझ्या साड्यांखाली!